डाव्या पायाची चप्पल

हॉलमध्ये त्या शनिवारी सकाळी माणसं चार होती, पाठीवरच्या पिशव्या पाच, पाण्याच्या बाटल्या नऊ, पायमोज्यांचे जोड सोळा, लिंबाच्या लोणच्याची बरणी एक आणि पादत्राणं एकवीस. एकवीस हा आकडा संयुक्ताला पटला नाही. ओरगडमच्या कारखान्यात ती मापं तपासायच्या प्रयोगशाळेत होती. दिवसभर गाडीच्या सुट्या भागांची जाडी मोजायची, आणि आकडा पटला नाही की कुणाला न विचारता पुन्हा मोजायची. तिने पुन्हा मोजलं. एकवीस. दहा जोड, आणि वर एक.

वरची एक म्हणजे डाव्या पायाची तपकिरी चामडी चप्पल. प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवीला गाठ, आणि ती पिशवी अप्पांच्या सामानाच्या अगदी तळाशी.

"अप्पा, ही पण न्यायची?"

सुब्बारावांनी चष्म्यावरून पाहिलं. "ती आधी न्यायची. बाकीचं राहिलं तरी चालेल."

"एका चपलेने काय करणार?"

"मी काही करणार नाही. जिथे ती सापडली, तिथे ती ठेवीन, आणि बघीन."

कुणाकडे बघणार, हे विचारायची गरज नव्हती. ती चप्पल मुरलीकाकाची होती, आणि बारा वर्षं मैलापूरच्या या फ्लॅटच्या माळ्यावर, दसऱ्याच्या बाहुल्यांच्या खोक्याशेजारी, पुरावा म्हणून ठेवलेली होती.

बारा वर्षांपूर्वी कृष्णवेणी आत्याच्या सौम्याचं लग्न ठरलं, तेव्हा घरच्या रिवाजाप्रमाणे दोघे भाऊ चेन्नईहून तिरुपतीला चालत निघाले. घरात कुठलंही लग्न असो, लग्नाआधी घरच्यांनी डोंगर चालत गाठायचा. शेवटच्या टप्प्यात सुब्बाराव मागे पडले. ते एका अंजनेयाच्या देवळापाशी पोचले, तर समोरून एक रिक्षावाला धावत आला आणि त्यांच्या हातात चप्पल कोंबून म्हणाला, चेहरा तोच आहे, म्हणजे चप्पलही तुमचीच, टोल नाक्यापासून बसलात आणि उतरताना एक विसरलात. सुब्बारावांनी ती पिशवीत टाकली. पुढे डोंगराच्या पायथ्याला, अलिपिरीच्या पायऱ्यांशी, मुरलीकाका अनवाणी उभा होता. सगळ्यांना सांगत होता की शेवटची वाट देवासाठी चपला टाकून चाललो. आत्याने त्याचे पाय स्वतःच्या हातांनी धुतले. सुब्बाराव तेव्हा गप्प राहिले. मग सौम्याच्या लग्नात, ताटावर बसलेल्या दीडशे लोकांसमोर, त्यांनी मंगलाष्टकांना लावतात तसा आवाज लावून सगळी हकिगत सांगितली आणि पिशवीतून चप्पल काढून दाखवली. त्या दिवसापासून दोघे भाऊ एकमेकांशी बोलले नव्हते.

आता लग्न संयुक्ताचं होतं, पद्मनाभशी. मुरलीकाका लग्नकार्यांना भांडी पुरवायचा. अर्ध्या अण्णा नगरचे भात त्याच्या पातेल्यांत शिजत, आणि सख्ख्या पुतणीच्या लग्नाला अप्पांनी भांडी ठरवली होती तांबरमच्या कुणा माणसाकडून. पत्रिकांच्या गठ्ठ्यात काकाचं नाव नव्हतं. याच काकाने अकरा वर्षांच्या संयुक्ताला दुकानातला मोडका तराजू दिला होता आणि म्हणाला होता, दुरुस्त केलास तर तुझा. तिला तो सरळ करायला एक उन्हाळा लागला होता. गेल्या आठवड्यात तिने आत्याला स्वयंपाकघरात गाठून सांगितलं होतं, "काका मंडपात नसेल तर मीही नसेन. पद्मनाभला मी कळवलंय. आम्ही रजिस्ट्रारकडे जाऊ." आत्या फक्त "सरी" म्हणाली होती. आत्याचं "सरी" म्हणजे होकार नसायचा. ती कामाला लागली, एवढाच त्याचा अर्थ असायचा.

कृष्णवेणी आत्या मुलींच्या शाळेत खेळाची शिक्षिका होती. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली तरी शिट्टी गळ्यातच होती, मंगळसूत्र होतं तेव्हा त्याच्याशेजारी, आता एकटीच. ती तिने आता फुंकली आणि घरच्या दक्षिणी मराठीत म्हणाली,

"पिशव्या पुरे. सुब्बा, काय करूलालास? चप्पल कुरवाळत बसू नको. भिक्षेचं बोल."

भिक्षेचा रिवाज सगळ्यांना पाठ होता. निघण्याआधी नाम, म्हणजे विष्णूचा उभा टिळा, रंगवलेला तांब्याचा तांब्या हातात घ्यायचा, दारोदार जाऊन तांदूळ मागायचे, आणि डोंगर चढेपर्यंत त्याच तांदळाचा भात खायचा. बाहेरचं काही तोंडात घालायचं नाही. माणूस कितीही मोठ्या हुद्द्यावरचा असो, देवाच्या पुरट्टासी महिन्यातल्या शनिवारी त्याने हात पसरायचा. सुब्बाराव विमा कंपनीतून अधिकारी म्हणून निवृत्त झाले होते. त्यांची त्याला हरकत नव्हती.

"आपल्या रस्त्यावर मागतो. खालचे अय्यर देतील, औषधवाले देतील."

"देतील. पण पहिली मूठ कुणाची?"

सुब्बाराव लोणच्याच्या बरणीकडे बघू लागले.

"पहिली मूठ भावाच्या घरची," आत्या म्हणाली. "आपल्या बाबांनी काकांकडून घेतली, त्यांच्या बाबांनी त्यांच्या भावाकडून."

"त्यांचे भाऊ शेजारच्या खोलीत राहायचे, अक्का! कूस बदलली की भिक्षा मिळायची."

"मग तुला मेट्रोने जावं लागेल."

"मला भाऊ नाही."

"असं? मला दोन आहेत. एक मोजायचा कसा, हे मला शिकवू नको, मी हजेरी घेणारी बाई आहे."

"कुंभकोणमचा विश्वेश आहे की. चुलत का होईना."

"सख्खा असताना चुलत नाही."

सुब्बारावांनी बायकोकडे पाहिलं. श्रीविद्या गणिताच्या शिक्षिका. आतापर्यंत त्या पायमोज्यांच्या घड्या घालत होत्या. "मला विचारू नका," त्या म्हणाल्या, "नियम तुमच्या घरचा आहे." आणि घडी घातलेला पायमोजा उलगडून पुन्हा घडी घालायला घेतला. अम्मा हसू दाबताना असंच करते, हे संयुक्ताला ठाऊक होतं.

*

मुरलीकाकाच्या वसाहतीला चार मनोरे होते आणि एक फाटक. फाटकावरच्या सुरक्षारक्षकाने लुंगीसारखी नेसलेली केशरी वेष्टी, कपाळभर नाम आणि हातात तांब्या घेतलेल्या सुब्बारावांकडे आदराने पाहिलं, मग मोबाइलकडे पाहिलं.

"सार, ॲपमध्ये नोंद केल्याशिवाय आत सोडता येत नाही. पाहुणे म्हणून घालू?"

"मी त्याच्या घरी पाहुणा नाही," सुब्बाराव तमिळमध्ये ठणकावून म्हणाले.

"मग कॅब?"

"माझ्याकडे बघून कॅब वाटते?"

"दुरुस्ती? प्लंबर, इलेक्ट्रिशियन?"

"दुरुस्तीच्या पलीकडचं आहे."

रक्षकाने डोकं खाजवलं. उरलेला पर्याय एकच होता. त्याने फोटो काढला, नाव घातलं आणि पाठवलं. डिलिव्हरी. सुब्बा. फ्लॅट सी ७०२.

ते तिघं वाट बघत उभे राहिले. सुब्बाराव, आत्या आणि संयुक्ता. मोबाइल वाजला. रक्षकाने वाचलं, पुन्हा वाचलं, आणि आवाज खाली आणून म्हणाला, "सार, ते म्हणतात, गेटवर ठेवा."

सुब्बारावांच्या कपाळावरचं नाम वर सरकलं.

"मी पार्सल आहे?"

"सार, मी नाही म्हणालो. सी सातशे दोन म्हणाले."

"ठीक आहे. ठेवा म्हणाला ना? मग मी ठेवलेला आहे." आणि सुब्बाराव फाटकाशेजारच्या लोखंडी मांडणीपाशी गेले, किराण्याच्या खोक्यांच्या आणि कुणाच्या तरी नव्या मिक्सरच्या मध्ये जागा केली, आणि मांडीवर तांब्या घेऊन बसले.

पुढचा अर्धा तास संयुक्ताने आयुष्यात पाहिलेल्या सगळ्यांत अवघड अर्ध्या तासांपैकी एक होता. शनिवार पुरट्टासीचा. येणाऱ्या-जाणाऱ्याला तांब्यावरचं नाम दिसत होतं आणि माणसं आपणहून थांबत होती. एका आजोबांनी पिशवीतून मूठभर तांदूळ काढले. सुब्बारावांनी तांब्याच्या तोंडावर तळहात ठेवला. "क्षमा करा, अजून नाही. पहिली मूठ दुसऱ्याची आहे." आजोबा थांबले. त्यांच्यामागे एक बाई थांबली. तिने वर फोन करून मुलाला तांदूळ घेऊन खाली बोलावलं. त्याच्यामागे दोन कॉलेजच्या मुली, मग मिक्सर न्यायला आलेला माणूस, ज्याला मिक्सर उचलता येईना कारण सुब्बाराव त्याला टेकले होते. बघता बघता दहा-बारा जणांची रांग झाली, प्रत्येकाच्या मुठीत तांदूळ, आणि पुढे तांब्या झाकून बसलेला भिक्षेकरी.

"अक्का, शिट्टी वाजवून यांना पांगव," सुब्बाराव पुटपुटले.

"मी का? चांगली रांग आहे. सरळ आहे."

आणि दर पाच मिनिटांनी रक्षकाचा मोबाइल वाजायचा. ॲप आपलं काम करत होतं. सी सातशे दोनला आठवण जात होती: तुमची डिलिव्हरी अजून गेटवर आहे. तुमची डिलिव्हरी अजून गेटवर आहे.

अखेर लिफ्ट उघडली. मुरलीकाका पांढरी वेष्टी आणि बनियनवर आला, उजवी मूठ घट्ट आवळलेली. मागे रम्याकाकू. तिने आत्याला नमस्कार केला, संयुक्ताच्या गालावरून हात फिरवला, आणि विचारलं, "श्रीविद्याच्या गुडघ्याला तेल लागू पडलं का ग?" संयुक्ता "हो" म्हणाली आणि मग तिच्या लक्षात आलं की अम्माचा गुडघा मंगळवारपासूनच दुखतोय.

काका भावासमोर उभा राहिला. बारा वर्षांत त्याचे केस गेले होते आणि अप्पांचं पोट सुटलं होतं, बाकी रिक्षावाल्याने पुन्हा गोंधळ केला असता.

"मूठ देतो," काका म्हणाला, सुब्बारावांच्या मागे भिंतीवर लावलेल्या पाटीकडे बघत. "पण चालायला मीही येणार. संयुक्ता माझीही मुलगी आहे."

"कुठपर्यंत?" सुब्बाराव मिक्सरच्या खोक्याला उद्देशून म्हणाले. "टोल नाक्यापर्यंत?"

रांगेतले आजोबा पुढे झुकले.

"दीड किलोमीटर होतं ते!" काका आता थेट भावाशी बोलला. "फार तर फार दीड! पोटऱ्या भरून आल्या होत्या!"

"नऊ! नऊ किलोमीटर!"

"नऊ? देवळापासून नऊ मागे गेलास तर पुत्तूर येईल, अण्णा!"

"दीड पुढे गेलास तर देऊळही येत नाही!"

आत्याने शिट्टी फुंकली. रांग दचकली; एका मुलीचे तांदूळ सांडले.

"पोदुम, पुरे. दोघंही गप्प. मुरली, तू जेवढं रिक्षात बसलास तेवढं चालणं बाकी आहे. या वेळचं या वेळचं. मागचं वेगळं भरायचं. टोल नाका ते अंजनेय, एकदा या यात्रेचं. मग परत टोल नाक्यापर्यंत. मग पुन्हा अंजनेयापर्यंत, ते मागच्या यात्रेचं. कबूल?"

"कबूल."

"आणि अंतर कोण ठरवणार?" सुब्बाराव म्हणाले. "हा?"

"मी," संयुक्ता म्हणाली. "कारखान्यात रस्ता मोजायचं चाक आहे. काठीला चाक, चाकाला आकडा. मी ते पोलादी टेपवर तपासून आणीन."

"आणि तो तीन फेऱ्या खरंच चालला, हे कोण बघणार? मी डोळ्यांनी बघितल्याशिवाय मानणार नाही."

"मग तू बघ," आत्या शांतपणे म्हणाली. "पाऊल न् पाऊल बघ. कबूल?"

"कबूल," सुब्बाराव तावातावाने म्हणाले. त्या शब्दाचा अर्थ त्यांना चार दिवसांनी, तिरुवळ्ळूरच्या पुढे, भर उन्हात कळला.

"आणि तो चालला," संयुक्ता म्हणाली, "तर पत्रिका?"

"बघू."

"बघू नाही, अप्पा."

सुब्बाराव रांगेकडे बघू लागले. रांग सुब्बारावांकडे बघत होती. त्यांनी तांब्यावरचा हात काढला. काकाने मूठ उघडली, तांदूळ तांब्यात पडले, आणि आजोबांनी सगळ्यांच्या वतीने "गोविंदा!" अशी आरोळी ठोकली.

*

सोमवारी पहाटे चालणं सुरू झालं तेव्हा दोघे भाऊ रस्त्याच्या दोन कडांनी चालत होते. मधून ट्रक जात. निरोप संयुक्ताकरवी.

"तुझ्या काकाला सांग, पाणी घोट घोट प्यायचं असतं."

"तुझ्या अप्पांना सांग, मला पाणी पिता येतं."

"त्याला काय काय येतं ते मला ठाऊक आहे म्हणावं."

आवडी गावापर्यंत संयुक्ताने निरोप पोचवले. आवडी गेल्यावर तिने ते आपल्यापाशीच ठेवायला सुरुवात केली, आणि दोघांपैकी कुणालाही फरक जाणवला नाही.

व्हॅनमध्ये अम्मा आणि रम्याकाकू होत्या, गॅसची शेगडी होती आणि भिक्षेचे तांदूळ होते. थांब्यावर त्या भात शिजवायच्या, त्यावर ताक आणि लोणचं. पहिल्याच थांब्याला संयुक्ताने पाहिलं की काकूने न विचारता अम्माच्या पिशवीतून हिंगाची डबी काढली, आणि अम्माने न बघता हात पुढे केला. बारा वर्षं न भेटलेल्या जावांना एकमेकींच्या हिंगाची जागा माहीत असत नाही.

"अम्मा, दर शुक्रवारी तू कपालीच्या देवळात किती वेळ असतेस?"

"देवळात गर्दी असते," अम्मा म्हणाली.

"तलावाच्या पायऱ्यांवर तर जास्तच असते," काकू म्हणाली आणि भात ढवळू लागली.

खरी अडचण सुब्बारावांच्या बुटांची होती. अण्णा नगरच्या मॉलमधून त्यांनी खास चालण्यासाठी ते घेतले होते. टाचेत हवा, तळव्यात जेल, किंमत सांगायची नाही. संयुक्ताने दोन महिने सांगितलं होतं की रोज थोडे घाला, पायाला सवय होऊ द्या. सुब्बारावांना ते पटलं नव्हतं. देवाच्या वाटेसाठी घेतलेले बूट घालून मासळी बाजाराच्या रस्त्याने फिरायचं? त्यांनी ते खोक्यात, कागदात, कोरे ठेवले आणि निघायच्या दिवशी कुंकू लावून पायांत घातले. तिरुत्तणीला डाव्या टाचेवर फोड आला. नगरीला तो फुटला. पुत्तूरच्या पुढे डावा पाय इतका सुजला की नाडी बांधायला उरेना.

"अण्णाला सांग, व्हॅनमध्ये बस," काकाने रस्त्याच्या पलीकडून निरोप दिला. हा मात्र संयुक्ताने पोचवला.

"त्याला सांग," सुब्बाराव दात आवळून म्हणाले, "मी तो नाही."

*

टोल नाक्यावर संयुक्ताने चाकाचा आकडा शून्यावर आणला. सुब्बारावांनी पिशवीची गाठ सोडून चप्पल बाहेर काढली आणि काखेत धरली. आत्या व्हॅनने पुढे देवळाकडे गेली. तिचं वय पाहता तिला तेवढी सूट तिने स्वतःच दिली होती.

पहिली फेरी मुकाट्याने झाली. संयुक्ता मध्ये चाक ढकलत, भाऊ दोन बाजूंना. अर्ध्या वाटेवर उजवीकडे केळीच्या बागेत एक पायवाट वळत होती, आणि तिथून कढईतल्या तेलाचा आणि मिरचीच्या भज्यांचा असा वास येत होता की तिघंही काही न बोलता एकदम सावकाश झाले, आणि मग तिघंही काही न बोलता एकदम भरभर चालू लागले. पाच दिवस ताकभात झाला होता.

अंजनेयाच्या कट्ट्याला चाक टेकलं. संयुक्ताने आकडा वाचला. "दोन हजार सहाशे बेचाळीस मीटर."

"म्हणजे?" आत्या म्हणाली.

"काका म्हणत होता दीड किलोमीटर. अप्पा म्हणत होते नऊ. दोघंही चुकले."

"पण मी जवळ होतो!" काका ओरडला. "मी किती चुकलो? एकने! हा सहाने चुकला!"

"तेव्हा रस्ता लांब होता," सुब्बाराव म्हणाले. "आता रुंदीकरण झालंय."

"रुंद केल्याने रस्ता लांबीला कमी होतो, अप्पा?"

"या रस्त्याचं काही सांगता येत नाही."

परतीच्या फेरीत सुब्बाराव इतके लंगडत होते की काका दर विजेच्या खांबापाशी थांबून, काही तरी बघत असल्याचं भासवत, त्यांची वाट बघत होता. टोल नाका आला. आकडा दोन हजार सहाशे एकोणचाळीस.

"तीन मीटर कमी," सुब्बारावांनी लगेच पकडलं. "याने कुठे तरी कोपरा मारला!"

"तीन-चार मीटर चाकाच्या चुकीत बसतात. सरळ चाललं की एवढाच फरक पडतो. त्याहून जास्त असता तर मी म्हटलं असतं वाट वेगळी होती."

सुब्बाराव टोल नाक्याच्या दगडावर बसले आणि डावा बूट काढला. मग पुन्हा घालायला गेले. पाय आत जाईना. नाडी पूर्ण काढली, जीभ बाहेर ओढली, काकाने न सांगता टाच धरली, तरी जाईना.

काका बुटाकडे बघत होता. मग तो भावाच्या काखेकडे बघू लागला.

"अण्णा."

"नाही."

"माझा पाय तुझ्यापेक्षा दोन नंबरने मोठा आहे. तुला माहीत आहे."

"तो पुरावा आहे!"

"पुराव्याने चालायला काय होतं? चामडं चांगलं होतं ते. बर्मा बाजारातून घेतली होती."

"अनवाणी जाईन."

"अनवाणी जाऊन काय होतं ते मला विचार," काका म्हणाला. "डांबर तापलेलं असतं. त्या दिवशी अलिपिरीपर्यंत मी रडत गेलो. अक्का पाय धुत होती तेव्हा ती भक्ती नव्हती, फोड होते."

सुब्बारावांनी चप्पल काखेतून काढली, फिरवून बघितली. मग त्यांनी ती जमिनीवर ठेवली, डावा पाय आत सरकवला. पट्टा बरोबर बसला. उजव्या पायात हवेचा बूट, डाव्या पायात बारा वर्षांपूर्वीची चप्पल. ते उभे राहिले, दोन पावलं टाकली, आणि त्यांच्या तोंडून नकळत "हुश्श" निघालं.

काका हसला नाही. त्याने संयुक्ताच्या हातातून चाकाची काठी घेतली. "शून्य कर. शेवटची फेरी माझी आहे, चाक मीच ढकलतो. तू पुढे हो, कण्णा. आम्ही सावकाश येतो."

"पण मोजायचं..."

"आकडा चाकात राहतो ना? मी काय तो खाणार आहे?"

संयुक्ता पुढे निघाली. एकदा मागे वळून पाहिलं तर दोघेही रस्त्याच्या एकाच कडेने येत होते.

देवळाच्या कट्ट्यावर आत्या, अम्मा आणि काकू बसल्या होत्या. वेळ जाऊ लागला. आत्याने शिट्टी हातात घेतली, सोडली, पुन्हा घेतली.

"भांडत बसले असतील. व्हॅन पाठवा."

"नको," अम्मा म्हणाली.

"अजिबात नको," काकू म्हणाली.

ऊन उतरायला लागलं तेव्हा ते वळणावर दिसले. काका चाक ढकलत होता, सुब्बारावांचा हात त्याच्या खांद्यावर होता, आणि दोघेही एकाच वेळी बोलत होते, एकमेकांचं न ऐकता, लहानपणापासून बोलत असावेत तसे. कट्ट्यापाशी येताच दोघे गप्प झाले. सुब्बारावांच्या पांढऱ्या बंडीवर बोटभर तेलाचा डाग होता. काका उपरण्याने तोंड पुसत होता, आणि दोघांच्याही डोळ्यांत पाणी होतं.

"कुठे होतात?" आत्याने विचारलं.

"चालत होतो," काका म्हणाला.

"सरळ रस्त्याने," सुब्बाराव म्हणाले. "मी पाऊल न् पाऊल बघितलं. अक्का, याचं चालणं फिटलं. मी साक्ष देतो."

"डोळ्यांत पाणी का मग?"

"भक्ती," दोघे एकदम म्हणाले.

सुब्बारावांनी घसा साफ केला आणि कुणाकडेच न बघता बोलायला लागले. "मी ऐकलंय, त्या तांबरमवाल्याची पातेली पातळ असतात. भात खाली लागतो."

"पातळच आहेत," काका म्हणाला. "मीच त्याला जुनी विकली."

"मग कळवून टाकतो त्याला, नको म्हणून. आणि संयुक्ता, पत्रिकेत सी सातशे दोन लिही. फ्लॅट नंबर नीट लिही. गेटवर राहायला नको."

काकू अम्माच्या हातावर हात ठेवून उठली आणि शेगडी पेटवायला गेली. रात्रीसाठी भिक्षेचे तांदूळ धुवायचे होते. "आज जेवणार ना दोघे?" तिने विचारलं. सुब्बारावांनी पोटावरून हात फिरवला आणि म्हणाले की आज तशी फारशी भूक नाही. काका म्हणाला, त्यालाही नाही.

काकाने चाकाची काठी संयुक्ताच्या हाती दिली, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि नळावर हात धुवायला गेला. संयुक्ताने चाक कट्ट्याला टेकवलं, आकड्यावरची धूळ अंगठ्याने पुसली.

पहिली फेरी २६४२ मीटर. दुसरी फेरी २६३९ मीटर. तिसरी फेरी ३११४ मीटर.